पॉइंट पन्नासचा पिस्टन

वडसा, १२ जानेवारी २०२५

अजीम,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर पाहून आधी घाबरला असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. दर ईदला आपण फोनवर सलाम, तब्येत, सलाम एवढंच बोलतो. त्याच्या पुढे गेलो की तुझा आवाज चढतो, माझा त्याहून चढतो आणि कोणीतरी फोन ठेवून देतं. पत्रात एक बरं आहे, मधेच कोणाला ठेवता येत नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे, त्यात लाजायचं काय? एका जुन्या बोटीच्या मोटारीला नवे पिस्टन घालायचे आहेत. कोणते घालावेत हे आमच्या घरात कोणाला ठरवता येत नाही. तू तिकडे रत्नागिरीच्या बंदरात गेली सात वर्षं याच मोटारी उघडतोस. आमच्या दुकानात आजवर धानाचे थ्रेशर आले, विहिरीवरचे पंप आले, पण बोटीच्या मागे लावायची मोटार आली ती पहिल्यांदाच.

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात तुझ्या दूल्हाभाईंची तब्येत बिघडली तेव्हा मी फोनवर 'बीपी वाढलं' म्हणाले होते. लकवा होता. चालतात, बोलतात, माझ्यावर ओरडतात, म्हणजे बाकी सगळं जागेवर आलं. उजव्या हातात कप धरतात. पण त्या हाताच्या बोटांना कशाचा पत्ता लागत नाही. सिलिंडरमध्ये बोट फिरवून किती झिजलाय ते सांगणारा माणूस, आणि आता त्याला शर्टाचं बटण बोटात आलं की नाही ते वाकून पाहावं लागतं. तुमचं भांडण या बोटांवरूनच झालं होतं. तू चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "दूल्हाभाई, बोटानं मोजायचे दिवस गेले, मायक्रोमीटर घ्या." हे म्हणाले, "मंग मायक्रोमीटरवालं दुकान पाह्य." तू पाहिलंस, ते थेट समुद्राच्या कडेला. मी दोघांनाही तेव्हा काही बोलले नाही आणि आताही बोलणार नाही, कारण तुम्हा दोघांचं सुंभ जळलं तरी पीळ जायचा नाही.

लकव्यापासून दुकान बंद आहे. लेथ मशीनवर माझी जुनी चादर टाकली आहे. ब्रह्मपुरीचा एक जण लेथ पाहून गेला, ईद झाली की नेतो म्हणाला. हे "ने" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. अजीम, तो लेथ गेला तर हा माणूस पुन्हा उठणार नाही. मला दुसऱ्या कशाची भीती नाही, एवढीच आहे.

अशात नागभीडकडच्या एका गावचे बापूजी ढीवर एक मोटार पोत्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांच्या मासेमारी संस्थेनं ती सरकारी लिलावात घेतलेली. तलाव मोठा. उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की वल्ह्यानं बोट हलत नाही आणि मासे बर्फापर्यंत पोचायच्या आत नासतात. हे म्हणाले, "माह्यानं होत नाई." बापूजी म्हणाले, "राहू द्या जी इथीच. परत नेली त वच्छला मले घरात घेनार नाई." आणि पोतं अंगणात टाकून गेले.

दोन-तीन दिवस हे मोटारीच्या भोवती मांजरासारखे फिरले. मग डाव्या हातानं पाना घेतला. कार्बोरेटरची वाटी काढली तर आत पिवळं, तुपासारखं गोठलेलं काहीतरी. वास घेतला. मला हाक मारली, "कनीज, हुंगून पाह्य." मी हुंगलं. टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं, तेच, जे दिव्यात जाळतात आणि बंडीच्या चाकाला लावतात. बापूजींना बोलावलं तर आधी "आपोआप बंद पडली जी" यावरच अडून राहिले. मग हळूच म्हणाले, "पेट्रोलात टाकाचं तेल सरलं होतं. टोरीचं तेल घरचं, चोख होतं. दिवाळीपरेंत मस्त चालली जी मोटार." दिवाळीपर्यंत चालणारच. थंडी पडली, तेल गोठलं, पिस्टन कोरडे पडले आणि भर तलावात किंचाळून मोटार जाम झाली.

आणि तुझे दूल्हाभाई हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आजारपणानंतर मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. बापूजींना वाटलं आपली चेष्टा होते आहे, मला वाटलं त्यांच्या पाया पडावं.

तर सांग, पिस्टन कोणते घ्यायचे? आता हे पलीकडच्या खोलीतून ओरडत आहेत, "मी कोणाले विचारून नाई राह्यलो. पन लिहिनारच असन त लिहून टाक, वरच्या सिलिंडरले खोल ओरखडे आहेत, खालच्याले वरवर." लिहून टाकलं.

तुझी आपा,
कनीज


वडसा, ३० जानेवारी २०२५

अजीम,

तुझं उत्तर आलं. तीन पानं! शाळेत निबंधाला तू कधी अर्धं पान ओलांडलं नव्हतंस. पाकीट यांच्या हातात पडलं, तर "तुह्या भावाचं काहीतरी आलं" म्हणून माझ्या अंगावर टाकलं आणि मी वाचत असताना तिथंच बसून एकच स्क्रू पुसत राहिले. म्हणून मी मोठ्यानं वाचलं. मधेच थांबले की म्हणायचे, "मंग?"

आधी तुझे आभार मानते, कारण तुझ्या पहिल्याच प्रश्नानं आम्ही वाचलो. तू लिहिलंस, मोटारीच्या टोपीवरचा आकडा मानू नका, बोटीला अडकवायच्या कड्याजवळ पत्र्याची पट्टी असते तिच्यावरचा नंबर पाठवा. टोपीवर पंचवीस हॉर्सपॉवर लिहिलंय. यांनी नागपूरच्या व्यापाऱ्याला त्यावरूनच पिस्टन सांगायचे ठरवले होते. मी घासलेटच्या चिंधीनं पट्टी पुसली, तर मोटार निघाली तीसची. लिलावाच्या ढिगात कोणीतरी याची टोपी त्याला घातली असणार. हे म्हणाले, "टोपीवरून मानूस वळखला त असंच होते." म्हणजे तुझं बरोबर होतं. तसं ते कधीच म्हणणार नाहीत, तर मी म्हणते.

तुझा सिलिंडरचा बोअर मोजायचा डायलही पोचला. स्वतःच्या कामाचं हत्यार इतक्या लांब पाठवलंस, तिकडे तुझं कसं चालतं आहे? आता ऐक, मोजायला मी बसते. हे माझ्या बाजूला स्टुलावर. "सरळ धर. वरून मोज. आता आडवा फिरव. आता खाली." मी आकडा वाचते, हे मान हलवतात. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला आणि आम्ही सिलिंडर सोडून एकमेकांवरच तापलो. आता तोच आकडा परत येतो. उमेरा नागपूरहून सुट्टीला आली होती, तिनं अम्मीला डायल हातात घेऊन बसलेली पाहिलं आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. तुझ्या भाचीला दुसरा उद्योग नाही.

आकडे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवले आहेत. थोडक्यात सांगायचं तर वरचा सिलिंडर पॉइंट पन्नास, म्हणजे अर्धा मिलिमीटर, मोठा केल्याशिवाय त्याचे ओरखडे जाणार नाहीत. खालचा पॉइंट पंचवीसमध्ये साफ होईल. यांचं म्हणणं, दोन्ही पन्नास करावेत. "जोडीचे बैल सारखेच पाह्यजे. एक मोठा एक लहान, बंडी वाकडी चालन." मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. तू काय म्हणतोस?

घाई करू नकोस असं म्हणणार होते, पण ईद मार्चच्या शेवटी आहे.

तुझी आपा,
कनीज


वडसा, १६ फेब्रुवारी २०२५

अजीम,

तुझ्या पत्रावरून आमच्या घरात सध्या जे चाललंय ते सांगते. बैलांचा मुद्दा तू खोडून काढलास. मोठ्या मापाचे पिस्टन बनवतानाच कंपनी वजन सारखं ठेवते, म्हणून एक पंचवीस आणि एक पन्नास असले तरी मोटार थरथरत नाही. आणि खालच्या सिलिंडरचं मांस आज उगाच कापलं तर उद्या पुन्हा कोणी टोरीचं तेल घातल्यावर कापायला काय उरणार? हे वाक्य मी दोनदा वाचलं. यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, "मोटार बैल नोहे, हे खरं हाय." अजीम, तुझं म्हणणं या घरात इतक्या सरळ कधी मानलं गेलं होतं का?

मग पिस्टन कोणत्या जातीचा यावरून दोन दिवस गेले. नागपूरच्या व्यापाऱ्यानं फोनवर दोन सांगितले. एक नकली, लगेच मिळेल असा. दुसरा ठोकून बनवलेला, म्हणे शर्यतीच्या बोटींना घालतात. हे त्या ठोकीववर भाळले, "मजबूत त तोच!" मी तुझं पान काढून समोर ठेवलं. ठोकीव पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याला जागा जास्त सोडावी लागते. पहाटे थंड मोटार ओढून तसंच जाळ्याकडे पळवणाऱ्या माणसांच्या तो कामाचा नाही, थंड असताना नुसता खडखडेल. ओतीव पिस्टन कमी फुगतो, नीट बसून चालतो, आणि या मोटारीला शर्यत कुठं लावायची आहे? मासेच तर आणायचे आहेत. नकलीचं तर नावच नको, त्याच्या रिंगा दोन पावसाळेही टिकत नाहीत. तुझ्या बंदरातल्या एका जुन्या दुकानात अस्सल ओतीव पिस्टन पडून आहेत, ते तू पाठवतोस असं लिहिलंस. पाठव. यांनी हो म्हटलं आहे. खरं तर "पाहू" म्हणाले आहेत, पण मला पंचवीस वर्षांत त्यांचं पाहू आणि हो एकच आहे हे कळलंय.

एक गोष्ट मात्र ते स्वतःहून बोलले, तुझ्या पत्रात नंतर सापडली. सिलिंडर कापून मोठा करणारा चंद्रपूरचा बोअरिंगवाला म्हणतो, सिलिंडरचा ब्लॉक आधी आणून द्या, पॉइंट पन्नास कापून ठेवतो, पिस्टन येतील तेव्हा येतील. हे म्हणाले, "नाई. पिस्टन हातात आल्याबिगर सिलिंडरले हात लावाचा नाई. डब्यावर काई बी लिहिलं असते, पिस्टन मोजाचा अन त्याच्या अंगावर सिलिंडर कापाचा. पायाचं माप न घेता जोडा कोन शिवते?" मी तुझ्या या पत्राचं चौथं पान उलटलं, तिथं हेच. तसं सांगितलं तर म्हणाले, "त्याले शिकवलं कोनं?"

खरंच, शिकवलं कोणी? मला त्या क्षणी तुम्ही दोघं शेजारी बसलेले दिसलात, थ्रेशरचं इंजिन मधे, एकमेकांना पाने देत. तू सोळा वर्षांचा होतास. ते आठवलं आणि मी उठून आत गेले.

लेथवरची चादर परवा त्यांनी स्वतः काढली. धूळ झटकली आणि पुन्हा टाकली. ब्रह्मपुरीवाल्याचा फोन आला होता, त्याला मी ईदपर्यंत थांब म्हटलं.

तुझी आपा,
कनीज


वडसा, ६ मार्च २०२५

अजीम,

रोजे सुरू झाले, मुबारक. पार्सल काल आलं. आणि तेव्हापासून या घरात जो तमाशा झाला तो मी हसत हसत लिहिते आहे, तूही हस, पण आधी शिव्या खा.

दोन डबे निघाले. एकावर पंचवीस, एकावर पन्नास. यांनी दोन्ही पिस्टन फडक्यावर मांडले, अंघोळ घातल्यासारखे पुसले. मला म्हणाले, "मोज. खालच्या घेरावर, पिनच्या आडव्या बाजूनं." पंचवीसवाला मोजला, बरोबर. पन्नासवाला मोजला, आकडा पंचवीसचाच. मी म्हटलं माझी चूक झाली असेल. पुन्हा मोजला, तेच. मग यांनी मायक्रोमीटर माझ्या हातातून घेतला, डाव्या हातानं फिरवला, चष्मा वर करून पाहिलं, आणि अजीम, तो चेहरा तू पाहायला हवा होतास. ईदचा चांद दिसल्यासारखा.

"पन्नासच्या डब्यात पंचवीस! तुह्या भावानं डबा पाह्यला, पिस्टन नाई पाह्यला!"

त्यानंतर अख्ख्या मोहल्ल्याला कळलं. चहावाल्याला कळलं, मशिदीतून येणाऱ्यांना कळलं. बापूजी विचारपूस करायला आले होते, त्यांना बसवून सगळं समजावलं. "डब्यावर भरोसा ठेवून आधीच पन्नास कापला असता त सिलिंडर गेला होता कामातून. तीस वर्षं झाली, पिस्टन हातात आल्याबिगर मी कापत नाई." बापूजी म्हणाले, "तुमी होते म्हनून वाचलो जी." यावर तुझे दूल्हाभाई रोज्यात असूनही दोन हात उंच झाले.

मग मला बसवून म्हणाले, "लिही त्याले." सात वर्षांत पहिल्यांदा. तर हे त्यांचे शब्द, "मायक्रोमीटर मायक्रोमीटर करून गेला, अन सवता मोजलं नाई. दोन्ही पंचवीसचे आमच्या काय कामाचे. पन्नासचा पाठव, मोजून पाठव." आणि मग हळू आवाजात, "बाकी माल अस्सल आहे म्हनाव."

रागावू नकोस. मी तुला किती दुवा देते आहे ते तुला ठाऊक नाही. आज त्यांनी लेथ सुरू करून पाहिला. नुसताच फिरवला, काही कापलं नाही. पण तो आवाज ऐकून शेजारची निशात घरातून धावत आली, "आपा, दुकान खुललं का?" मी काय सांगू तिला? आत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडले, आणि रडताना आठवलं की रोजा आहे, पाणीही पिता येणार नाही.

पत्र आत्ता पेटीत टाकून येते.

कनीज


वडसा, ६ मार्च, दुपार

अजीम,

तू काय माणूस आहेस?

सकाळचं पत्र मी पेटीत टाकलं. पोस्टमननं पेटी अजून उघडलीही नसेल. घरी आले तर दारात कुरिअरवाला, हातात छोटा डबा, रत्नागिरीहून. उघडला, आत पिस्टन. मी दार लावून मोजला. पॉइंट पन्नास, अगदी बरोबर.

म्हणजे चूक कळायच्या आधीच तिची दुरुस्ती निघाली होती. चुकून चुकीचा पिस्टन जातो, हे मी समजू शकते. पण चुकीचा पोचायच्या आत बरोबरचा मागोमाग निघतो? अजीम, तू मुद्दाम केलंस. तुला ठाऊक होतं ते मोजल्याशिवाय कापणार नाहीत. त्यांच्या हातून तुझी चूक सापडावी म्हणून तू चूक पाठवलीस.

मी दारामागे उभी राहून हसले, मग रडले, मग घाबरले. तुझे उपकार मी कोणत्या तोंडानं मानू? सात वर्षं ज्या माणसाशी बोलला नाहीस त्याला तू जिंकू दिलंस, सगळ्या मोहल्ल्यासमोर, जिथं तू चार गिऱ्हाइकांसमोर त्याला कमी लेखलं होतंस तिथंच. पण आता हा डबा मी त्यांना देऊ कसा? हे काही भोळे नाहीत. एका क्षणात समजतील. आणि साल्यानं आपल्यावर कीव केली असं एकदा डोक्यात बसलं की संपलं, लेथ ब्रह्मपुरीला आणि हे भिंतीकडे तोंड करून.

म्हणून मी तो तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवला आहे. त्या डब्याला हे हात लावत नाहीत. त्यांचा हात जातो तांदळाच्या परातीत, व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसा, डोळे मिटून तांदळातली बटणं शोधायला. माझं पत्र तुला पोचून तुझं उत्तर यायला जितके दिवस लागतील तितके दिवस जाऊ देते. मग म्हणेन, आज आला. खोटं बोलते आहे, तेही रमजानमध्ये. अल्लाह माफ करो, आणि याच्यातला अर्धा हिस्सा तुझा.

आपा


वडसा, २४ मार्च २०२५

अजीम,

थोडक्यात लिहिते, इफ्तारीची वेळ होत आली. पिस्टन मी 'आज आला' म्हणून दिला. त्यांनी घेतला, मला मोजायला लावला, आकडा ऐकला आणि "बरं" म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं तुला आणखी चार ऐकवतील, पण नाही. माझा जीव मात्र भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक पिशवीत घालून, दोन्ही पिस्टन वेगवेगळ्या खिशात ठेवून, सकाळच्या गाडीनं एकटे चंद्रपूरला गेले. आजारपणानंतर पहिल्यांदा एकटे. मी स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत उभी होते. संध्याकाळी आले ते बोअरिंगवाल्याला कसं तीनदा थांबवून मोजायला लावलं ते सांगतच. तुझं नावही आलं त्यात, "अजीमचा डायल सोबत असता त त्याले दाखवलं असतं."

फक्त अजीम म्हणाले. 'तुह्या भावाचा' नाही म्हणाले.

आता जोडणी चालू आहे. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण धूर जायच्या बाजूला, रिंगेचं तोंड खिळ्यावर, सगळं तुझ्या पानाबरहुकूम. रिंगा मी दाबून धरते, हे पिस्टन आत सोडतात. उजवा हात खाली आधाराला असतो, पण असतो.

कनीज


वडसा, ९ एप्रिल २०२५

अजीम,

मोटार चालली.

काल तलावावर गेलो होतो. बापूजींनी बोट धुऊन ठेवली होती, वच्छलाबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं होतं आणि मला म्हणाल्या, "बाई, मोटारीचं तेल मी धान्याच्या कोठीत कुलपात ठेवलं हाय. आता यायले माह्याजवळ मागाच लागन." दुधानं तोंड पोळलेलं, त्या आता ताकही फुंकून पिणार. बापूजी खाली मान घालून दोरी पाहत होते.

दोरी बापूजींनी ओढली. पहिल्या झटक्याला नुसती खोकली, दुसऱ्याला धूर आला, तिसऱ्याला सुरू झाली. काठावर सगळे ओरडले. यांनी हात वर केला, गप्प केलं, आणि कान मोटारीकडे लावून बसले. पहिले काही दिवस हळूच चालवायची, तेल जास्त घालायचं, हे तू लिहिलेलं त्यांनी बापूजींकडून पाठ म्हणून घेतलं. मग आम्ही चौघं हळूहळू तलावाच्या मधोमध गेलो. वारा होता. वल्ह्याला त्या वाऱ्यात कोणी हात घातला नसता.

तिथं मला वाटलं, आता सांगावं. मनात किती दिवस कोंडलेलं. मी म्हटलं, "एक बोलू का? रागावणार नाही ना?"

हे मोटारीवरून नजर न काढता म्हणाले, "डाळीच्या डब्याचं बोलनार हायस?"

बापूजी आणि वच्छलाबाई एकमेकांकडे पाहायला लागले.

मग यांनीच सांगितलं. ज्या दिवशी मी पिस्टन लपवला त्याच संध्याकाळी, मी इफ्तारीचं काही आणायला निशातकडे गेले असताना, तांदळाचा कंटाळा आला म्हणून यांनी उजवा हात तुरीच्या डाळीत घातला. डोळे मिटून. आणि बोटाला काहीतरी गोल, गार लागलं. "आदी वाटलं वाटी असन," म्हणाले. "मंग बोट फिरवलं. रिंग बसवाची खाच लागली. दुसरी खाच लागली. कनीज, डोये नाई उघडले मी. दोन्ही खाचा बोटानं मोजल्या." त्या बोटांनी, ज्यांना बटण कळत नव्हतं. मग डोळे उघडून मायक्रोमीटरनं मोजला, पन्नास. पुसला आणि जसा होता तसा पुरून ठेवला.

मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

"काऊन बोलू? तसं त पह्यल्याच दिवशी समजलं होतं. पन्नासच्या डब्यातल्या पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा पालिश पेपरनं घासला होता. नवा पिस्टन कोन घासते?" मग म्हणाले, "त्यानं माह्यासाठी चूक केली. मी त्याच्यासाठी पकडली. एवढी इज्जत मले कोनं नाई देल्ली, कनीज. सख्ख्या भावानं नाई देल्ली."

म्हणजे मोहल्ल्यात जो डंका पिटला, बापूजींना जे बसवून सांगितलं, ते सगळं ओळखून. तू आनंदानं हरलास हे ओळखून ते आनंदानं जिंकले. आणि मी मधल्या मध्ये डाळीच्या डब्यावर पहारा देत बसले! तुम्हा दोघांना मी काय म्हणू? या जन्मी मला एक नवरा आणि एक भाऊ मिळाला, आणि दोघांत मिळून एक सरळ माणूस होत नाही. अल्लाहचे लाख शुक्र, की असेच मिळाले.

ब्रह्मपुरीवाला ईदच्या तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला होता. हे लेथवर एक बुश कापत होते. त्याला म्हणाले, "बस, चहा घे. लेथ नाई भेटनार." तो चहा पिऊन गेला.

काल परत येताना मी म्हटलं, उद्या अजीमला लिहिणार आहे, काही सांगायचं आहे का? बोट काठाला लागली, बापूजींनी मोटार बंद केली, वच्छलाबाई उतरल्या. मला वाटलं, विसरले. उतरायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो उजव्या हातानं धरला, घट्ट, आणि म्हणाले,

"लिही त्याले. चूक चांगली होती. पुढची चूक कराची असन त इथी येऊन कर म्हनाव."

तुझी आपा,
कनीज